झोपेतली धुणारी

३ मार्च

पोचले एकदाची! बसच्या टपावर केळीचे घड, कोंबड्यांची खुराडी आणि माझी पेटी; आत दोन धष्टपुष्ट बायकांच्या मधे चेंगरलेली मी. घाटातल्या एका वळणावर माझ्या तोंडून "आई गं" निघालं, तर ड्रायव्हर मागे वळून म्हणतो, नर्सबाई, भीती वाटली की डोळे मिटून घ्यायचे, मी पण तेच करतो. अख्खी बस खिदळली. मेदेयीन शहरातल्या आम्हा लोकांना डोंगरातले लोक असंच चिडवतात. चिडवू देत, मला आवडतं.

खोली मिळालीय एदिल्माबाईंच्या घरात; गाव त्यांना मानाने 'दोन्या' म्हणतं. साठीच्या बाई, काटक, तोंडाने फटकळ. दारातच मला न्याहाळून म्हणाल्या, पोरी, तुझ्या त्या संशोधन केंद्रातले लोक तुला जेवायला घालतात की नुसतं राबवतात? लगेच समोर राजमा, भात, डुकराची कुरकुरीत चरबी आणि गरम अरेपा, मक्याची जाड भाकरी. घरात आणखी दोघं. एक त्यांचा धाकटा भाऊ ओतोनिएल, आजारी. दुसरी त्यांच्या मेलेल्या बहिणीची मुलगी देयानिरा. ती माझ्याच वयाची, तिशी ओलांडलेली, निम्म्या गावाचे कपडे शिवते. माझा युनिफॉर्म बघून म्हणाली, हे पोतं ज्याने शिवलं त्याला आधी तुरुंगात टाका. आमचं दोघींचं जमणार, दिसतंच आहे.

अंगणाच्या मधोमध हौद आहे. बांबूच्या पन्हळीतून डोंगराचं पाणी त्यात पडतं, आणि शेजारी धुण्याचा उतरता दगड. माझ्या खिडकीतून तोच दिसतो. सगळं कसं सुरेख आहे. आज लवकर झोपणार.

७ मार्च

कामाला लागले. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक आजार चालत आलाय. गावात त्याला 'बोबेरा' म्हणतात, म्हणजे खुळेपणा. चाळिशीत डोकं दुखायला लागतं, मग शब्द सापडेनासे होतात, मग घराची वाट, मग माणसं. दोन्या वाचल्या, ओतोनिएल नाही वाचला. देयानिराचं काय होणार ते तिला ठाऊक नाही आणि तपासणीचा निकाल तिला ऐकायचाही नाही. आपलं माप आपण घेऊ नये, अशी एक शिंपीणच मला सांगते!

मी रक्त घेते, रक्तदाब बघते, प्रत्येकाच्या मनगटावर झोप मोजणारं घड्याळ बांधते आणि स्मरणाचे प्रश्न विचारते. प्रश्न अवघडाकडून सोप्याकडे जातात. शेवटचा अगदी साधा: तुमचं नाव काय? ओतोनिएल यावर छान हसतो आणि म्हणतो, तुम्हीच सांगा ना बाई. अजून पन्नाशीही गाठली नाही त्याने. रोज सकाळी उठून माझं नव्याने स्वागत करतो, रोज विचारतो, प्रवास कसा झाला?

एक गंमत. त्याच्या मनगटाला लाल दोऱ्याने पितळेची चिमुकली घंटी बांधलीय. कुठे भटकायला जाऊ नये म्हणून असेल असं मला वाटलं, पण तशीच घंटी दोन्यांच्याही हातात आहे. देयानिराला विचारलं तर तिने डोळे फिरवले. म्हातारीची खुळं, तू आपलं रक्त काढ, म्हणाली. दुपारी जेवल्यावर अख्खं गाव पेंगतं आणि या घरात चुलीवर कॉफी उकळत असते. ओतोनिएलची मान कलली, हात खाली आला, घंटी किणकिणली, की दोन्या ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसतात. चिडून नाही हं. अगदी मायेने.

१२ मार्च

आज जेवणानंतर मी घरच्यांना आजार समजावून सांगितला, आणि स्वतःवर जाम खूश होते. म्हटलं, हे बघा, दिवसभर डोकं चालतं तेव्हा आत मळ साठतो. झोपलं की मेंदूत पाणी खेळतं आणि तो मळ धुऊन नेतं. पाण्याला ढकलतं कोण? तर रक्तवाहिन्या. त्या ठोके देतात, त्या ठोक्यांनी पाणी पुढे सरकतं. तुमच्या घराण्यात या वाहिन्या कडक होतात, चिंचोळ्या होतात, ठोका नीट पडत नाही, मळ आतच राहतो. डॉक्टरांचं तरी असं म्हणणं आहे. खिडकीतून दगड दाखवून म्हटलंसुद्धा, हे असंच, रात्री डोक्यात धुणं धुतलं जातं!

कुणी हसलं नाही. दोन्यांनी कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, धुतं कोण? मी म्हटलं, कोण कशाला पाहिजे, आपोआप होतं. त्या म्हणाल्या, आपोआप कधी धुणं होतं का, पोरी?

मग देयानिराने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. या घराण्याची समजूत अशी, की माणूस झोपला की धुणारी येते. डोक्यात जे आहे ते दगडावर घेते, आपटते, चुबकते, पिळते, डाग जाईपर्यंत. आणि तिला थांबायचं कळत नाही. आधी मळ जातो, मग रंग, मग नक्षी, शेवटी पांढरं फडकं उरतं. म्हणून चाळिशी जवळ आली की यांच्यात हाताला घंटी बांधतात आणि गाढ झोपूच देत नाहीत. दोन्यांच्या आईला बांधली होती, बहिणीला बांधली होती. मी कपाळावर हात मारला. अगं, झोप मिळत नाही म्हणून तर आजार लवकर गाठत असेल! देयानिरा या गोष्टीवर नेहमी हसायची म्हणे. आज मात्र हसली नाही. म्हणाली, मावशी सांगायची तेव्हा खोटं वाटायचं, पण आता तूच मेदेयीनहून येऊन तेच सांगितलंस.

१६ मार्च

देयानिराच्या हातात घंटी आहे. लाल दोरा, घट्ट गाठ.

हे माझ्यामुळे झालं. दुसऱ्या कुणामुळे नाही. ती बिचारी दहा वाजता घोरायला लागायची, त्यावरून मी तिला चिडवायचे. आता तिच्या घड्याळात झोपेची रेघच उमटत नाही. मी शंभरदा सांगितलं, झोपच तुला वाचवेल. ती म्हणते, माझ्या आईलाही एका डॉक्टरने हेच सांगितलं होतं, ती झोपली आणि उठली तेव्हा मला काकू म्हणाली.

आज तिने एकाच झग्याला तिसरी बाही लावली. मी हसले. ती झग्याकडे बघतच राहिली, आणि मग तीही हसली, पण उशिरा.

१९ मार्च

डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, तिला घेऊन या, मेंदूचे फोटो काढू, उपचार सुरू करू, पण तोवर झोपवा, काहीही करून झोपवा. शनिवारच्या बसची दोन तिकिटं काढली. देयानिरा एका अटीवर तयार झाली: ती झोपेल तेव्हा मी शेजारी बसायचं, हात सोडायचा नाही, आणि जागी झाल्यावर आधी तिचं नाव विचारायचं. मी शब्द दिला. तिला काही होऊ देणार नाही. दोन्या ऐकत होत्या. रागावल्या नाहीत. मला जवळ घेऊन म्हणाल्या, पोरी, तू चांगली आहेस, पण तुला ती ऐकू येत नाही ना अजून.

२१ मार्च

दुपारी तिला माझ्या खोलीत निजवलं. घंटीचा दोरा मीच कात्रीने कापला. ती बडबडत होती, हे केंद्राचं पोतं मी मेदेयीनला जाऊन उसवणार आणि तुला माणसात आणणार. बोलता बोलता झोपली. किती शांत झोपली! मी हात धरून बसले, मला रडूच आलं.

मग अंगणातून आवाज यायला लागला. थप. थप. ओलं कापड दगडावर आपटल्याचा. मला वाटलं दोन्या असतील. पण दोन्या तर दारात उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. मी खिडकीतून पाहिलं. दगडापाशी कुणी नव्हतं. दगड ओला होता आणि त्यावरून कॉफीसारखं तपकिरी पाणी ओघळत होतं.

हात सोडला नाही मी. शपथ.

ती जागी झाली. चेहरा असा गुळगुळीत, एक सुरकुती नाही, एक काळजी नाही. मी विचारलं, तुझं नाव काय? ती छान हसली. म्हणाली, तुम्हीच सांगा ना बाई.

२२ मार्च

डॉक्टर म्हणतात, झोपेत मेंदूतली वाहिनी बुजली असणार, या आजारात होतं असं, ताबडतोब आणा. आणू कशी? घाटात दरड कोसळलीय, बस नाही. पुढच्या शनिवारी निघेल म्हणतात.

देयानिरा सकाळपासून दगडापाशी बसलीय. पांढरं फडकं घासतेय. स्वच्छ आहे गं, म्हटलं, पुरे. ती ऐकत नाही. वाहिनी बुजली, बस, दुसरं काही नाही. मी नर्स आहे.

पण आवाज मी आधी ऐकला. ती बाहेर जाऊन बसायच्या आधी.

२४ मार्च

आवाज ऐकल्याचं दोन्यांना सांगितलं तेव्हा त्या रडल्या. म्हणाल्या, तिला ज्याच्याकडे यायचं असतं त्यालाच ती ऐकू येते. मी म्हटलं, मी तुमच्या रक्ताची नाही. त्या म्हणाल्या, आमच्या घरातली झालीस ना पण.

मी नको म्हणत होते. तरी हात पुढे केला मीच. लाल दोरा. घंटी छोटीशी आहे, वजनही जाणवत नाही.

शनिवारपर्यंतच. बसमध्ये झोपेन. तिथे दगड नाही.

२६ मार्च

कॉफी. गार पाणी. कॉफी.

उशीला कान लावला की थप, थप. माझ्याच कानशिलातली शीर उडतेय. मीच सांगितलं होतं ना सगळ्यांना — ठोके देतात, पाणी पुढे ढकलतं. म्हणजे आवाज आतून येतो. बाहेर कुणी नाही.

आतून येतो हे बरं की —

ओतोनिएलने विचारलं, प्रवास कसा झाला? मी म्हटलं, कुठला?

२८ मार्च

उद्या बस. लिहून ठेवते. देयानिराला न्यायचं. शिंपीण. माझ्याच वयाची. तिची पिशवी दाराशी. तिकिटं — तिकिटं ठेवलीत कुठेतरी. शब्द दिलाय तिला. काय शब्द, तो आठवत नाही, पण दिलाय.

आईचा फोन आला होता. कोण बोलतंय म्हणून विचारलं तर रडायलाच लागल्या बाई.

शनिवार

खाली हॉर्न वाजतोय. दोन्या म्हणतात, जा, दोघी जा, मी हाकलून लावते तुम्हाला. मी पिशवी उचलली. कुणाची ते —

जरा टेकते. एकच मिनिट. घंटी आहेच. वाजेल.

वाजली का

३ मार्च

पोचले एकदाची! प्रवास छान झाला असणार, दमल्यासारखं मुळीच वाटत नाही. डोकं कसं हलकं, धुतल्यासारखं. घर सुरेख आहे. बसल्या बसल्या एका गृहस्थांनी माझं स्वागत केलं. एक म्हातारी बाई माझा हात धरून रडतायत, का कोण जाणे, मायाळू वाटल्या. माझ्या मनगटाला कुणीतरी घंटी बांधलीय, गोड वाजते.

अंगणात एक बाई धुणं धुतायत. माझ्याच वयाच्या असतील. पांढरं फडकं आहे, तरी घासतायत. त्यांनी मान वर केली, माझ्या कपड्यांकडे बघून खुदकन हसल्या, जवळ बोलावलं, दगडावर शेजारी जागा करून दिली. आमचं दोघींचं जमणार, दिसतंच आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, तुझं नाव काय?

मी म्हटलं, माझं नाव —