अर्ध्या कोयत्याचं धान्य

सिस्टर, तुम्ही हयात असतात तर या हिवाळ्यात मी तुमच्याशी भांडायला आले असते. मी आता निवृत्त आहे. नोकरीभर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत बसून रेशनकार्डांवर माणसं चढवली आणि उतरवली, आणि आता नगरमधल्या एका संस्थेच्या समितीवर बसते. नगरचं नाव बदललंय, माझ्या जिभेवर अजून जुनंच येतं. ही संस्था पाथर्डीच्या बाजूच्या गरजू घरांना दर महिन्याला धान्याची पिशवी देते. गहू, तांदूळ, डाळ, तेल, गूळ. मला समितीवर का घेतलं ते उघड आहे. सरकारी कागद वाचता येणारी बाई फुकटात मिळत असेल तर कुणाला नको असते? तिच्याबरोबर तिची जीभही येते, हे त्यांना नंतर कळलं.

दिवाळीच्या आधी अध्यक्षांनी नवा नियम आणला. कुणीतरी शिलाई मशिनं दान केली होती, ती वापरात आणायची होती. पिशवी घेणाऱ्या प्रत्येक घरातून एका माणसानं तीन महिन्यांचा शिवणवर्ग पुरा करायचा. घरात कामकरी वयाचं रिकामं माणूस असेल तर त्यानंच यायचं. साठीपुढच्यांना सूट. घरातून कुणीच आलं नाही तर पिशवी बंद. "फुकट खायची सवय लागते हो बाई," अध्यक्ष मला म्हणाले. त्यांची दोन मंगल कार्यालयं आहेत. तिथे एका पंगतीला ताटांत जेवढं टाकलं जातं त्यात एक वस्ती आठवडाभर जेवेल. "सवय कुणाला लागते ते तुमच्या कार्यालयाच्या मागे उभं राहून बघा," मी म्हणाले. ते हसले. माझ्या बोलण्यावर हसायचं, हे त्या समितीत ठरलेलंच आहे.

हे ऐकताना मला तुम्ही आठवत होतात, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. कारण तुम्हीही हेच करत होतात. मोठ्या दुष्काळात तुमच्या मिशनच्या शाळेच्या मागच्या शेडमध्ये बायका यायच्या, हातरुमालांच्या कडा दुमडून शिवायच्या आणि संध्याकाळी दलिया घेऊन जायच्या. आधी काम, मग दलिया. आम्ही बोर्डिंगच्या मुली स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो. मी बहुधा तिथेच असायचे, कारण उलट बोलण्याची शिक्षा म्हणून तुम्ही मला कांदे सोलायला बसवत होतात. "तू फार बोलतो," तुम्ही म्हणायचात. इतकी वर्षं आमच्यात काढून तुम्हाला आमच्या क्रियापदांची लिंगं काही जमली नाहीत, पण मला ओळखलंत ते बरोबर.

एक दिवस एक बाई आली. कडेवर तापानं फणफणलेलं पोर. तिनं रुमालाला हात लावला नाही, सरळ पिंपाजवळ जाऊन पदर पसरला. तुम्ही सगळ्यांसमोर तिला हटकलंत. काम का करायचं, तर तुझी इज्जत राहावी म्हणून, असं काहीतरी तुम्ही तुमच्या मराठीत सांगत होतात. ती म्हणाली, "इज्जत घरी ठिवून आले, सिस्टर. तिला दलिया लागत न्हाई. ह्याला लागतो." शेडमधल्या सुया थांबलेल्या मला आठवतात. तुमचा चेहरा लाल झाला. तुम्ही मापटं भरलंत, मग आणखी एक भरलंत, आणि आत येऊन माझ्या हातातला कांदा काढून घेऊन स्वतः सोलत बसलात. त्यानंतर शेडचा क्रम बदलला. बायका आल्या की दलिया पहिल्यांदा, रुमाल मागून. काही बायका दलिया घेऊन निघून जायच्या. तुम्ही त्यांच्याकडे बघायचं टाळत होतात. हे तुम्ही कधी कुणाला समजावून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी कांदे.

आता माझं ऐका. नियम लागू करण्याआधी संस्थेनं घरोघर माणसं पाठवली. आमच्या केंद्रप्रमुख मॅडम, शिकलेल्या, स्वभावानं चांगल्या, पाथर्डीजवळच्या एका वस्तीवर गेल्या. घरात ऊसतोड करणारा मुलगा, त्याची बायको, दोन लहान नातवंडं आणि सत्तरी ओलांडलेली म्हातारी. मॅडमनी सुनेला विचारलं, तुम्ही काय काम करता? नवऱ्यानंच उत्तर दिलं, "ती घरीच असती. तोडीला मी जातो." "आणि त्या?" "ती संगं येती." सूनही मान हलवून म्हणाली, व्हय, मी घरीच. मॅडमनी तिच्या नावापुढे 'काम नाही' लिहिलं.

सिस्टर, तुम्ही आमच्या जिल्ह्यात आयुष्य काढलंत, तुम्हाला हे समजावं. तोडीला नवरा-बायको मिळून जातात आणि दोघांचा मिळून एक कोयता धरला जातो. तो ऊस तोडतो, ती पाचट सोलून मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. पण बोली होते पुरुषाशी, मुकादमाकडे नाव पुरुषाचं, म्हणून काम पुरुषाचं. तिच्या स्वतःच्या लेखीसुद्धा ती घरीच असते, फक्त घर उसाच्या फडात असतं. त्यात शिवणवर्ग दिवाळीनंतरचे तीन महिने, म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम. म्हातारी आणि पोरं मागे राहणार, त्यांच्या तोंडात ती पिशवी पडणार. रेशन येतं, पण पोरांची नावं अजून कार्डावर चढलेली नाहीत. ते कसं रखडतं हे मला कुणी सांगायला नको.

मॅडमनी तोडगा सुचवला. नवऱ्यानं एकट्यानं जावं, सुनेनं राहून शिकावं. सून तेव्हा हसली म्हणे. "अर्धा कोयता मुकादम घेत न्हाई, मॅडम. मी न्हाई गेले तर ह्यांनाबी घरी बसवतील. मग आमा दोघांस्नी शिकवा शिवायला."

मी समितीत उभी राहिले. त्या बाईला काम आहे, हे मी बैठक संपेपर्यंत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "तिनं स्वतःच नाही म्हटलंय. आपण काय करणार?" एकाला सूट दिली की सगळे मागतील, असं खजिनदार म्हणाले. मतं माझ्याविरुद्ध गेली. मग मी पुरवठा शाखेत शिकले ते केलं. नियम परत वाचला. "साठीपुढच्यांना सूट आहे," मी म्हणाले, "मनाई कुठे आहे? आणि 'घरात रिकामं माणूस असेल तर' असं लिहिलंय, सूनबाई तर हंगामात घरातच नसणार. त्या घरातून सासू वर्गाला येईल." अध्यक्षांनी कागद उलटून पालटून पाहिला. मनाई खरंच नव्हती. "येऊ द्या," ते म्हणाले, "किती दिवस टिकते बघू."

गाडी भरून तोडकऱ्यांची टोळी गेली आणि म्हातारी वर्गाला येऊ लागली. जीपला पैसे पडतात म्हणून वस्तीवरून चालत. दोन्ही पोरं बरोबर, घरी ठेवायची कुणाजवळ? पोरं मशीनखाली झोपायची. तिला सुईचं भोक दिसत नव्हतं. बाकीच्या बायका दोरा ओवून देत आणि चिडवत, "आजे, आता ब्लाऊज शिवायचं दुकान काढ." ती म्हणे, "काढते की. पयलं तुजंच माप घेते, लई सुटलीयास." मी महिन्याच्या फेरीला जायचे तेव्हा ती मशीन चालवताना दिसायची. पाय जोरात, कापड कुठेतरी वेगळीकडेच. तिनं वर्ग एकदाही चुकवला नाही.

शेवटच्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. प्रत्येकीनं तान्ह्या पोराचं झबलं शिवून दाखवायचं होतं. म्हातारीनं शिवलेल्या झबल्याची एक बाही तोंडाशी बंद होती. अध्यक्षांनी ते दोन बोटांत धरून उंच केलं. "आजी, ह्यातून पोराचा हात कसा बाहेर येणार?"

"भाईर कशाला? थंडी हाय."

बायका पदर तोंडात घालून हसल्या. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, ही काय शिकली? हिला पास कसं करायचं?"

"तुमच्या नियमात वर्ग पुरा करायचा आहे," मी म्हणाले. "शिवता आलं पाहिजे असं कोणत्या ओळीत लिहिलंय ते दाखवा." त्यांनी पुन्हा कागद काढला नाही. झबलं टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला, आणि पुढच्या बाईचं नाव पुकारा म्हणून मॅडमना खूण केली. पिशवी चालू राहिली. टोळी परत आली तेव्हा घरात डाळ होती. पण ज्या घरांत चालू शकणारी सासू नव्हती, अशा काही घरांच्या पिशव्या बंद झाल्या. तो नियम पुढच्या वर्षीही आहे. मी पुन्हा वाचणार आहे.

त्या दिवशी निघताना मी म्हातारीला म्हणाले, "मावशी, जिंकलो आपण." ती पोरांच्या नाकावरून पदर फिरवत होती. "तुमी जितलात, बाई," ती म्हणाली. "म्या चालले." रागानं नाही म्हणाली. धाकट्याला कडेवर घेतलं, थोरल्याचा हात धरला आणि वस्तीच्या वाटेला लागली. मी एसटीच्या थांब्यावर उभी राहिले.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. म्हणून तुम्हाला सांगते. एसटीत बसल्यावर मला तिच्या पायांचा विचार करायला हवा होता. मी नगर येईपर्यंत अध्यक्षांचं तोंड आठवत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.