मोगऱ्याच्या मूळकुजीचे कारण

प्रति,
मा. सहायक धर्मादाय आयुक्त,
जालना.

अर्जदार : डॉ. कल्याण तातेराव बोराडे, सेवानिवृत्त वनस्पतिरोगशास्त्रज्ञ. सभासद, विवेकबंधू मंडळ, बदनापूर.

विषय : श्रीमती सगुणाबाई यांना ‘अशुद्ध पाण्या’च्या कारणावरून कामावरून कमी करण्याचा ठराव रोखण्याबाबत.

संदर्भ : मंडळाचा दि. १२ मे २०२४ चा ठराव.

महोदय,

१. मंडळाच्या सभागृहात खिडकीखाली एका कुंडीत मोगरा होता. बदनापुरात टँकरने पाणी येत असताना, ऐन चैत्रात, तो जास्त पाण्याने मुळे कुजून मेला.

२. आमचे मंडळ शेतकरी, व्यापारी व शिक्षक यांचे नोंदणीकृत बंधुमंडळ असून अंधश्रद्धा निर्मूलन हा त्याचा घोषित उद्देश आहे. प्रत्येक सभेच्या आरंभी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून पाच वचने म्हटली जातात. पाचवे वचन : ‘जे व्यासपीठावर बोलू, तेच घरी पाळू.’ त्यानंतर प्रत्येकाने सभागृहातील रांजणातले पेलाभर पाणी प्यायचे, असा नियम आहे. हा रांजण सभागृहाची देखभाल करणाऱ्या सगुणाबाई भरतात. त्या विधवा आहेत व एकट्या राहतात.

३. गेल्या पौषात त्यांच्या शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या फुल्या उमटल्या. सगुणाबाई भानामती करतात, असा निष्कर्ष गल्लीने काढला. त्याच सुमारास वडीगोद्रीच्या एका शाळेत आमचे अध्यक्ष श्री. शिवनारायण मुंदडा यांनी लिंबू-कुंकू टाकलेले पाणी विद्यार्थ्यांसमोर घटाघटा पिऊन सांगितले : “बाळांनो, पाण्याला कुणाची नजर कळत नाही.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

४. संदर्भीय ठरावाने रांजणातील पाणी अशुद्ध ठरवून सगुणाबाईंना १ जूनपासून कमी केले आहे. त्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मी सभेत ठेवला होता. पाणी पिण्यास योग्य आहे. प्रत सोबत जोडली आहे. त्यावर सचिव श्री. अंगद तौर म्हणाले, ते जसेच्या तसे देतो : “सर, रिपोर्ट बराबर असंल. पण मोगरा बघा ना. तिच्या हातच्या पाण्यानं झाड मेलं, मंग माणसाचं काय? आपण मानत न्हाई, पण घरी लेकरंबाळं हाईत.” सभेत पदवीधर बहुसंख्य होते. कोणीही हसले नाही. ठराव मंजूर झाला, आणि ज्या हाताने मी विरोध नोंदवला त्याच हाताखाली थोड्या वेळापूर्वी श्री. तौर यांचा खांदा होता.

५. सगुणाबाईंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत : “सर, काम गेलं तर दुसरं बघन. पण पाण्यावरून काढलं ना, तर गल्ली म्हनन, शिकलेल्या मान्सांनीबी वळखलं. मंग मी तिथं राहू कशी?” हा ठराव म्हणजे भानामतीचे लेखी प्रमाणपत्र आहे, आणि ते भानामतीविरुद्ध स्थापन झालेल्या मंडळाच्या शिक्क्यानिशी निघाले आहे.

६. नोकर ठेवणे-काढणे ही मंडळाची अंतर्गत बाब आहे, असे सांगितले जाईल. ते मला मान्य आहे. उद्देशाच्या उलट कारभार करणे मात्र अंतर्गत बाब नव्हे. म्हणून विनंती की १ जूनपूर्वी मंडळाकडून खुलासा मागवावा व ठरावातील पाण्याविषयीचे विधान मागे घेण्यास सांगावे. ते शक्य नसल्यास मंडळाच्या नावातून ‘विवेक’ हा शब्द आणि घटनेतून पाचवे वचन काढून टाकण्याची त्यांना सूचना द्यावी. निदान कागद तरी खरा राहील.

७. आता मोगऱ्याविषयी. सभेनंतर मी तो उपटून पाहिला व परत कुंडीत खोचून ठेवला. मुळे काळी, मऊ व दुर्गंधीयुक्त होती. कुंडीतल्या मातीत चिखल होता. सगुणाबाई त्या झाडाला आठवड्यातून एकदाच पाणी घालतात. १ जूनपर्यंत रांजण त्याच भरणार व पेल्याचा नियमही चालूच, म्हणून पुढच्या सभेत मी वचनांनंतर पाणी पिऊन खिडकीसमोर बसलो. सभासद पेला ओठांना लावत, ‘हवा घेतो’ म्हणून एकेक करून खिडकीशी येत आणि रिकामा पेला घेऊन परतत. अध्यक्षही आले. पाणी नाकारण्याचे धैर्य कोणातही नव्हते, कारण तसे केले असते तर अंधश्रद्ध ठरण्याची भीती होती. पिण्याचे धैर्यही नव्हते. मेलेल्या झाडाच्या कुंडीतही ते ओततच राहिले.

मी पौषापासून प्रत्येक सभेत ते पाणी प्यालो आहे. माझी प्रकृती उत्तम आहे.

मोगऱ्याच्या मृत्यूचे कारण : विवेकबंधू मंडळाच्या सभासदांनी भीतीपोटी न प्यालेले पाणी.

आपला नम्र, आणि अद्याप सभासद,
(सही)
कल्याण तातेराव बोराडे
बदनापूर, दि. २४ मे २०२४