पूर्वेचा जिना

३ आबान
मर्वदश्तला पोहोचले. खोली छान आहे. खिडकीखाली डाळिंबाचं झाड, फळं उकललेली. घरमालकीण तूरान खानुम यांनी गरम आश, डाळ-भाजीचं दाट सूप, पाठवली. उद्यापासून तख्ते जमशीदच्या, म्हणजे पर्सेपोलिसच्या जुन्या राजवाड्याच्या, पूर्वेकडच्या जिन्यावरचं दगडफूल काढायचं काम. शुक्रवारी शीराजला घरी जाईन, असं लेकीला, माहलकाला, कबूल केलं आहे. बाप गेल्यापासून पोर एकटी जेवत नाही.

५ आबान
दगडात कोरलेले सरदार एकमेकांचे हात धरून जिना चढताहेत. काहीजण वळून मागच्याला म्हणताहेत, आधी तुम्ही. बहराम आणि मी स्वतःच्या घराच्या दाराशीही यावरून भांडायचो. मरताना मात्र तो न विचारता पुढे गेला.

रखवालदार कुर्बानअली हसत म्हणाले, खानुम, खाली हवी तेवढी अदब दाखवा, पण जिन्यावर मागून येणाऱ्याला ‘आधी तुम्ही’ म्हणू नका. हे दगडातले लगेच मानतात. मग ते तुमच्या घरी जेवतात आणि तुम्ही इथे उन्हात. मी माझा कोबी-पुलावाचा डबा पुढे केला, तर नको नको म्हणत त्यांनी सगळा संपवला.

८ आबान
संध्याकाळी उतरताना मागे पावलं. डावा पाय किंचित ओढत. बहरामसारखी. वळले नाही. कुर्बानअलींना सांगितलं. आज ते हसले नाहीत. उजेड आहे तोवर निघत जा, एवढंच म्हणाले.

९ आबान
पुन्हा. मी थांबले की थांबतात. वाट बघतात. त्याच्यासारखंच खोकणं.
तो नसेल. पण असेल तर? माहलकाला बाप मिळेल. मी राहीन उन्हात—

१० आबान
म्हटलं. आधी तू, म्हटलं.
शेजारून उतरून गेला— गेली. माझा कोट. माझी चाल. पाय ओढत नव्हती.
मला पाऊल उचलता येत नाही. घोट्यांपर्यंत गार दगड—

अंधार. फोनवर माहलकाने ठेवलेला निरोप ऐकला. आई, बेल वाजवतेस, किल्ली विसरलीस ना पुन्हा? थांब, आले खाली.
बोटं वळेनात. फोन निसटून खालच्या पायरीवर. पेन्सिल तेवढी मुठीत अडकली आहे.
दार उघडू नको, बाळ—
आम्हीच शिकवलं तिला, मोठ्यांच्या आधी आत जायचं नाही. ती दार धरून बाजूला होईल, हसेल, आणि म्हणेल, आई, आधी—