रेच्यापाशी मागितलेलं

मु. वलगाव, मार्गशीर्ष शुद्ध ६, शके १७८५

तीर्थरूप मायच्या पायावर शकुनचं डोकं. वि. वि.

आमी सगळे बरे हाओत. गोवर्धनदादा, तू धुळीत बोट फिरवून शिकवलेली हीच अक्षरं, हसू नको. हे पत्र मायले एकटीलेच वाचून दाखव.

यंदा विलायतवाल्यायले कापूसच पाहिजे म्हनतात. सासऱ्यानं वांग्याचा वाफाही मोडला अन कपाशी लावली. आमचे घरचे, तुहे जावई, कापसाच्या गाड्या घेऊन गेले, ते दिवाळीपासून तोंड दिसलं नाही. मी अन सासूबाई दिवसभर सरकी काढायच्या रेच्यावर बसतो. तो असा किंचाळते की बाजूच्या बाईचं बोलनं आयकू येत नाही. माह्यं पोरगं खुशाल तिथंच कापसावर झोपते. सासूबाई साऱ्या गल्लीले सांगतात, नातू लय गरीब हाय, कशानं उठत नाही. मलेही तसंच वाटत होतं.

मागच्या महिन्यात एक दिवस रेचा बंद होता. खुशालच्या पाठीमागं पितळेची घागर पडली. मी दचकली, कुत्रं पळालं. पोरगं सरकी चिवडत बसलं, वळलं नाही. मग मी थाळी वाजवली. नाव घेतलं. समोर गेली तवा हसला.

माय, त्याले आयकू येत नाही. उन्हाळ्यात ताप आलता, त्यात गेलं का जन्माचंच, मले समजत नाही. कोनाले सांगितलं नाही. घरचे आले की त्यायले काय सांगू, याचं भेव वाटते.

सासूबाईसंग अमरावतीले अंबामायच्या पायावर गेलती. मनातच बोलली. चांदीचे कान वाहीन म्हनलं, लुगडं नेसवीन म्हनलं, अनवानी येईन म्हनलं. काही झालं नाही. आता थकली. मी खऱ्या मनानं बोलून राहिली, पन तिले आयकू जाते का? मले तर खुशालले हाक मारल्यासारखंच वाटते.

कळावे. तुही सावली राहू दे.
शकुन


मु. पातूर, पौष शुद्ध २

चि. सौ. शकुनले मायचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

माय सांगते, मी गोवर्धन लिहितो. अक्षर तुह्यं कोंबडीनं उकरल्यासारखं, पन समजलं. मायनं दोनदा वाचून घेतलं अन त्या दिवशी जेवली नाही.

माय म्हनते, वैदूले दाखव. जावईबापू आले की पहिले त्यायले सांग. लपवू नको, तू काही चोरी केली नाही.

अन पुढचं मायच्याच तोंडचं: अंबामायसंग तू भाजीच्या दुकानावर बसल्यासारखी बोलली. हे घे, ते दे. आपन माळी, सकाळपासून भावच करतो, देवापाशी तरी भाव कायले करतं? ती आयकते. तू पोटात होती तवा मी तुह्यासंग बोलत होती. तू उत्तर दिलं नाही म्हनून काही थांबली नाही. तिले सगळं सांग. कंबर दुखते ते, वाफा गेला ते, भेव वाटते ते. मनात नको, तोंडानं सांग. रेच्याच्या आवाजात कोन आयकते तुह्यं? मीही इकडं तुळशीपाशी सांगून राहिली.

आता माह्यं. खुशालसाठी लाकडाचा बैल केला, गाडीवानाजवळ देतो. गळ्यात घंटी बांधली होती, सोडून टाकली.

लोभ हाय, तो वाढव.
गोवर्धन


मु. वलगाव, माघ शुद्ध ९

तीर्थरूप मायच्या पायावर शकुनचं डोकं. वि. वि.

बैल पोचला. खुशालनं पहिले त्याचं शिंग चावलं.

माय, मी तू सांगितलं तसं केलं. रेचा फिरवत अंबामायसंग मोठ्यानं बोलत बसली. पहिले लाज वाटली. कंबर सांगितली, वाफा सांगितला, सासूबाईचे टोमने सांगितले. मग भेव सांगितलं. याले कोन हाक मारन, कशी मारन, असं म्हनलं अन रडली. सासूबाईले वाटलं मी गानं म्हनून राहिली.

खुशाल मांडीले टेकून होता. त्यानं वर पाहिलं अन हात माह्या गळ्यावर ठेवला. मी बोलत होती तोवर हात तसाच. थांबली तर थापटून राहिला. पुन्हा बोलली, तसा हसला. मग मी त्याचं नाव घेतलं. हात गळ्यावरच होता. त्यानंही तोंड उघडून आवाज काढला.

परवा घरचे आले. सांगितलं. आयकलं अन बैल सोडायले गेले. परत आले अन खुशालचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. बैल हाकतात तसंच ओरडले. पोरगं हसून हसून लोळलं.

वैदू म्हनला, कान येनार नाहीत. सासूबाई म्हनतात, अंबामायनं आयकलं नाही. मी भांडत नाही, तेवढी ताकद नाही. पन त्या दिवशी रेच्यापाशी मी कान मागितलेच नव्हते. कशी हाक मारू, एवढंच म्हनलं होतं. तेवढं तिनं आयकलं.

रेचा अजून होळीपर्यंत चालन. खांदे उतरून गेले. तरी अंबामायसंग बोलनं सोडलं नाही. उत्तर येत नाही तवा वाटते, तिचाही हात असन माह्या गळ्यावर.

कळावे. तुळशीपाशी खुशालचं नाव घेत जा, तोंडानं.
शकुन