चौदा पेडल आणि एक रांजण

माय,

माझ्याकडे गिटारचे चौदा पेडल आहेत आणि घरात गिटार एकही नाही. पेडल म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. ऑर्केस्ट्रातली मुलं गिटार वाजवतात, तिची वायर भोंग्याकडे जाते. जाता जाता मधे एक लोखंडी डबी लावतात, मूठभर आकाराची, आणि ती पायाने दाबली की आवाज बदलतो. एका डबीने तो लांबतो, एकीने फाटतो, एकीने तापातल्या माणसासारखा थरथरतो. वाजवणारा तोच, तार तीच, पण ऐकणाऱ्याला वाटतं दुसरंच कोणी वाजवतंय. अशा चौदा डब्या मी आतल्या खोलीतल्या फळीवर मांडल्या आहेत, दर रविवारी पुसतो, चौकोनी सेल संपले की बदलतो. तुझी सून म्हणते, गोठ्यात गाय नाही आणि दावी चौदा बांधून ठेवली. मी हसतो. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणजे उत्तरं पुष्कळ आहेत, पण त्यातलं खरं कोणतं ते माझं मलाच कळत नाही.

पहिल्यांदा मी तिला सांगितलं की भजनी मंडळाच्या पेटीला लावून बघू. मंडळातल्या लोकांनी एकदा ऐकलं आणि हात जोडले. मग सांगितलं, नातवाला गाण्याची आवड लागली तर असू द्यावं. नातू क्रिकेट खेळतो. मग म्हणालो, हौसेला मोल नाही, तर ती म्हणाली, हौस कशाची ते तरी कळू द्या. खरं सुरू झालं ते वरोऱ्याला. लाकडाच्या डेपोतल्या कारकुनीचं माझं शेवटचं वर्ष होतं, एका साहेबांच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो, आणि तिथल्या ऑर्केस्ट्रातल्या पोराने पायाखालची डबी दाबली. जो आवाज आला तो आपल्या रांजणाचा होता. माझ्या हातातली पत्रावळ तशीच राहिली. त्या पोराला गाठून मी विचारलं तर तो म्हणाला, काका, याले इको म्हणते. तेव्हा मनाशी ठरवलं की तो आवाज मिळवायचा, मिळाला की थांबायचं. नागपूरला दुरुस्तीच्या दुकानात, मोडलेल्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांच्या सामानात शोधत राहिलो. पाचव्या पेडलात तो मिळाला, अगदी हुबेहूब. त्यानंतर मी आणखी नऊ घेतले. का, ते मला सांगता येत नाही, आणि हेच विचारायला मी तुझ्याकडे आलो आहे, कारण रांजण तुझा होता.

स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या अंगाला तो असे. आठवड्यातून एकदा तू तो रिकामा करायचीस, आतून राखेने घासायचीस, आणि धुऊन झाल्यावर त्यात तोंड घालून एक लांब हुंकार द्यायचीस. तडा गेला असेल तर आवाज चिरका येतो, असं तू म्हणायचीस. आम्हा बहीणभावांना, मला आणि बाईला, तो हुंकार इतका सवयीचा होता की आम्ही मान वर करून पाहतही नसू. बाई तेव्हा घरी होती. लग्नानंतर चार महिन्यांत तिचा दीर झाडावरून पडून गेला, आणि सासरच्यांनी तिचा पायगुण वाईट ठरवून तिला आणून सोडलं. अडीच वर्षं झाली होती. गाव तिच्याबद्दल बोलत होतं, पण ती स्वतः, मला आता आठवतं तसं, बरी होती. भाताच्या रोवणीला जायची, बायकांत हसायची, तुझ्याशी भांडायची. बाबा गेल्यापासून घर तुम्हा दोघींवरच चाललं होतं. तिला काय हवं आहे हे मी तिला कधी विचारलं नाही.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची मंडई, दिवाळीनंतरची आपली जत्रा. मी बावीस वर्षांचा. दुपारी दंडार होती, गावच्या गड्यांनी नाचत-गात करायचं नाटक, आणि तिच्यातल्या खेळाची वही माझ्या हातात, कारण वाचता येणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात बारीक होता आणि मागून वाक्यं सांगायला तसाच माणूस लागतो. खेळात राजाला राणीचा संशय येतो, तो आकाशाला विचारतो आणि आकाशवाणी निवाडा देते. ती वाणी एक म्हातारा रांजणात तोंड घालून बोलत असे. त्याचा घसा बसला. मास्तर, म्हणजे दंडार बसवणारे, डोक्याला हात लावून बसले, तेव्हा मी तुझ्या हुंकाराचं सांगितलं. त्यांनी आपल्या घरी येऊन ऐकलं आणि म्हणाले, रांजणात बाईमाणूस का गडी ते कळतच नाही, चालेल, पण दंडारीत बाईमाणूस बोललं हे बाहेर कळलं तर माझी खैर नाही. चार दिवस चुलीपाशी बसून मी तुला वाक्यं पाठ करून दिली. तुला अक्षर येत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशीच तू सगळी म्हणून दाखवलीस, माझ्या आधी.

ती दुपार मला आजही दिसते. लुगडी बांधून केलेला पडदा आहे, त्यामागे तणसाच्या पेंढ्यावर रांजण आडवा ठेवला आहे, आणि नाचणाऱ्यांना पाणी द्यायच्या निमित्ताने तू आत आली आहेस. मी तुझ्या शेजारी वही घेऊन बसलो आहे. पडद्याच्या फटीतून मला पुढच्या रांगेत बाईचा सासरा दिसतो. नदीपलीकडून तो मंडईला आला आहे, गावात दुसऱ्यांकडे उतरला आहे, आपल्या दाराशी फिरकलाही नाही. डाव्या अंगाला बायकांत बाई बसली आहे. राजा हात वर करून विचारतो. वहीत वाक्य आहे, राजा, राणीला वनात सोड. मी तुझ्या कानाशी म्हणालो, राजा, राणीला घरी ने. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते मला सांगता येत नाही, ढोलकीवाल्याने एक आवर्तन जास्तीचं वाजवलं एवढं आठवतं. मग तू रांजणात तोंड घातलंस आणि मी सांगितलं तेच बोललीस.

पुढचं तू ऐकलंस, पाहिलं नाहीस. राजा झालेला गडी गोंधळला, मग आकाशच म्हणतंय तर म्हणून राणीचा हात धरून निघून गेला. खेळ तिथंच संपला. पुढचं वन, राक्षस, वाघ, सगळं राहिलं. वाघाचं सोंग घेतलेला माणूस सकाळपासून तोंडाला रंग लावून बसला होता, तो मास्तरांच्या अंगावर धावून आला आणि खऱ्या वाघापेक्षा भारी ओरडला. लोक मात्र हसत होते, टाळ्या देत होते, आणि एकेक करून सगळ्यांच्या माना बाईच्या सासऱ्याकडे वळल्या. मास्तर आत आले आणि त्यांनी विचारलं, कोणी चुकवलं? मी वहीत पाहत राहिलो. तू म्हणालीस, मी विसरली. मास्तर तुला बरंच बोलले. बायकांच्या डोक्यात चुलीपलीकडचं राहत नाही, असंही बोलले. त्यानंतर तुला कोणी कधी बोलावलं नाही, आणि रांजण धुतल्यावर हुंकार देणंही तू सोडून दिलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरा आपल्या आंगणात उभा होता. तो काही भोळा नव्हता, आकाशवाणी कशी होते ते त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "खेळ असो का काई असो, चार गावाइच्या समोर शब्द निंगाला. पोरीले न्यायले आलो." बाई आत तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून ती तुझ्याजवळ आली आणि तुझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "मले नाई जायचं, माय. काल रांजणात तूच बोलली ना?" त्या सगळ्या गावात तो आवाज फक्त तिनेच ओळखला होता. मी दारात उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तू म्हणालीस, "हो, मीच बोलली." मग तिच्या पिशवीत लाखोळीची डाळ भरलीस, पोहे भरलेस. ती जाताना तुझ्या पाया पडली नाही, हे मी पाहिलं.

मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं की मला बाईची दया आली. समोर बहीण बसली असताना आईच्या तोंडून वनात सोड हे वाक्य काढून घेणं मला जमलं नाही, असं. ऐकायला हे बरं वाटतं. पण माय, माझं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं होतं. सोडून दिलेली बहीण घरात आहे म्हटल्यावर मुलीवाले पाणी पिऊन उठायचे. बाई गेली आणि महिना झाला नाही तोच माझं जमलं. मला ती घरातून जायला हवी होती. वाक्य सांगताना यातलं कोणतं माझ्या मनात होतं, दया की स्वार्थ, हे मी चौदा डब्यांपुढे बसून शोधतो आणि मला सापडत नाही. आणि तुझंही कळत नाही. तुला खरं वाक्य पाठ होतं. मी चुकीचं सांगतोय हे माहीत असून तू ते का बोललीस? तुलाही ती जायला हवी होती का, की मी सांगितलं म्हणून माझ्यावर विश्वास ठेवलास? तू एकदाही मला रागावली नाहीस. रागावली असतीस तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

तिकडे बाईला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. नवरा फक्त तिच्याशी बोलला नाही. लोकांच्या तोंडासाठी तिला परत घ्यावं लागलं हे त्याच्या मनातून गेलं नाही. दोन मुलं झाली, आणि तरी अकरा वर्षं त्याने जे सांगायचं ते आईकडून, पोरांकडून सांगितलं. मग तो वारला. हे तिने मला फार उशिरा सांगितलं, तेही दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. तू गेलीस तेव्हा ती तिसऱ्या दिवशी आली. गावात आम्ही म्हणालो, नदीला पाणी होतं. मार्गशीर्षात वैनगंगेला गुडघाभरही पाणी नसतं हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या दिवशी तू दोनदा विचारलं होतंस, आली का म्हणून. मी येत आहे असं सांगितलं. तिला निरोप गेला होता, पण खरं काय घडलं ते तिला सांगून तुझ्याकडे आणायला मी गेलो नव्हतो.

यंदा भाऊबीजेला बाई माझ्याकडे चंद्रपूरला आली. ओवाळून झालं, जेवण झालं, आणि तिने आतल्या खोलीत डोकावून विचारलं की फळीवर हे काय मांडून ठेवलं. मला शहाणपण सुचलं नाही. मी घरचा जुना माइक आणि भोंगा लावला, मधे पाचवी डबी जोडली, पाय ठेवला आणि नुसतं राजा एवढं म्हणालो. तो शब्द खोलीभर फिरला. बाई पलंगाच्या कडेवर बसली. मी चौदापैकी दुसरा कोणताही पेडल लावू शकलो असतो आणि दुसरा कोणताही शब्द बोलू शकलो असतो, हे मला तेव्हाच कळत होतं. तिने वाकून त्या डबीला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "असाच आला होता मायचा आवाज. लय वर्षं राग धरला म्या तिचा. आता माफ केलं रे बाबू. बिचारी विसरली असंन."

माइक माझ्या हातात होता, डबी चालू होती. त्या आवाजात माझा आवाज कोणी ओळखला नसता, मलासुद्धा तो परका वाटला असता, आणि कदाचित एवढ्याचसाठी मी या डब्या जमवत आलो असेन. ते वाक्य माझं होतं, एवढे चार शब्द पुरे होते. मी बटण बंद केलं आणि तिला विचारलं की चहा घेशील का. ती हो म्हणाली. तिने दिलेली माफी माझ्या वाटणीची होती आणि मी ती तुझ्या नावाने देऊ दिली. ती परत गेली त्याच आठवड्यात मी पंधरावा पेडल पाहून आलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते वहीतच राहील. बाईचा पत्ता मला पाठ आहे, टपाल तिसऱ्या दिवशी पोचतं. नातवंडांच्या पुस्तकांवरून ती आता वाचायला शिकली आहे, आलेलं पत्र कोणाला न देता स्वतः वाचते. म्हणून तिला न लिहिता तुला लिहिलं.