पहिल्या ‘नाही’ला गप्प बसणारी चौकट

त्या सकाळी मी खराट्याने अंगण झाडलं, कोंबड्यांना कोंडा टाकला, तांदूळ तीन पाण्यांतून धुऊन चुलीवर चढवले आणि मिरच्या वाटायला बसले. पडवीत आमचे हे (तुझे पाकलिक काका) कुणाचा तरी रेडिओ उघडून बसले होते आणि नेहमीसारखे गुणगुणत होते. मध्येच त्यांनी तिथूनच विचारलं, "चहा करतोय, घेणार का?" मी म्हटलं, "नको, असू दे," आणि वाटत राहिले.

पण पत्राची सुरुवात अशी करत नाहीत, एवढं मला कळतं. तेव्हा चि. लुकितो, आधी रीतीचं घे. तू, तुझी बायको आणि ते पोटातलं, तिघंही सुराबायात सुखरूप असाल अशी आशा करते. इकडे कुतोआर्जोत मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो माझ्या आधीपासून दुखतो आहे असं वाटावं इतका जुना झालाय. शेजारची यू गियेम तुझी आठवण काढते आणि तू लहानपणी तिच्या झाडाचे पेरू चोरलेस, त्याचीही काढते. तू पाठवलेला लॅपटॉप मिळाला, चालू आहे, आणि त्याच्याविषयीच लिहायचं आहे. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अभिप्राय द्या’ म्हणून पाच चांदण्या आणि खाली दोन बोटं जागा दिली आहेस. तेवढ्या जागेत माझा नमस्कारसुद्धा मावेना, म्हणून पोस्टाने पाठवते.

तुझी मेहनत मला कळते. यांना जाऊन हजार दिवस होतील त्या दिवशीच्या प्रार्थनेला वाटायची कुराणातल्या यासीनची पुस्तिका छापायची, तिच्या पहिल्या पानावर यांचा फोटो, आणि फोटोखाली हे कोण होते ते चार ओळींत. छापखान्यात जाऊन सांगायचं तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाहीत. म्हणून तू म्हणालास, "बुलिक काकू, घरी बसून तूच लिही, आमचं सॉफ्टवेअर ते थेट छापखान्याला पाठवेल, आणि जाता जाता सांग, सेव्ह करताना चौकट उडी मारून समोर आलेली बरी, की कोपऱ्यात बारीकशी चकरी फिरलेली बरी." निळ्या चित्रात चौकटवालं, हिरव्या चित्रात चकरीवालं. छापखान्याला मजकूर येत्या गुरुवारी हवा. इथपर्यंत सगळं समजलं होतं. त्यानंतरचं काहीच समजलेलं नाही.

आधी निळं उघडलं. उघडताच ‘मला अटी मान्य आहेत’ असं म्हणवून घेणारं एक लांबलचक प्रकरण आलं. मी शाळेत तीन वर्षंच गेले, बाकीचं वाचन गरम तेंपे ज्यात बांधून मिळतात त्या कागदांवर केलं. त्यामुळे छापलेलं काही समोर आलं की शेवटच्या तेलकट ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मला सोडवत नाही. दोन सकाळी त्यात गेल्या. (कलम एकोणीस आणि कलम तेवीस एकमेकांच्या विरुद्ध आहेत, ते तुझ्या साहेबांना सांग.) मग लिहायला बसले. नऊ दिवस लिहीत होते. चारच ओळी, पण सदतीस वर्षांच्या चार ओळी म्हणजे रोज एक शब्द सापडायचा आणि आदल्या दिवशीचा एक खोटा वाटायचा. या नऊ दिवसांत मी लॅपटॉप बंद केलाच नाही. रात्री पारव्याच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं त्याच्यावर फडकं टाकायची. नवव्या दिवशी ओळी मनासारख्या झाल्या आणि मी पहिल्यांदा ते बंद करायला गेले. तोच ती चौकट टुणकन समोर आली. ‘बदल सेव्ह करायचे का? हो. नाही.’

आता तूच सांग, मी काय म्हणणार? कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा कशाला उगीच म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा हात पुढे करायचा. पहिल्याच आग्रहाला हो म्हणणाऱ्या बाईकडे आपल्याकडे लोक कसे बघतात ते तुला माहीत आहे. तुझ्या पाकलिकांचे वडील मला मागायला आले तेव्हा माझ्या बापाने दोनदा नाही म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा आतून केळीच्या पानात बांधलेला गोड भात बाहेर पाठवला होता. कुणाला गैरसमज झाला नाही. आणि इथे तर ते यंत्र माझ्यासाठी एवढी तसदी घेऊ पाहत होतं. मी आपलं रीतीप्रमाणे ‘नाही’वर बोट ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले.

दुसरा आग्रह आला नाही. चौकट गेली, ओळी गेल्या, पडद्यावर तू लावलेलं डोंगराचं चित्र आलं. यू गियेम कुंपणावरून बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वुर, अगं, पोराने बहुतेक तिकडच्या लोकांसाठी बनवलंय ते. तिकडे एकदा नको म्हटलं की ताटच उचलतात म्हणे." मग पुढे, "तुझा सासरा लॅपटॉप असता तर तू अजून बिनलग्नाची असतीस." तिच्या तोंडाला काही औषध नाही.

तुला फोन केला तेव्हा तू आधी हसलास. त्या हसण्याचा मला थोडा राग आहे. तू म्हणालास, आता हिरवं उघड, ते काही विचारत नाही, आपलं आपण सेव्ह करत राहतं, कोपऱ्यात चकरी दिसेल तेवढीच. उघडलं. पुन्हा पहिली ओळ लिहिली. कोपऱ्यात मसुराच्या दाण्याएवढी चकरी फिरायला लागली. मला फार बरं वाटलं. माणसाला न टोचता काम करणारं कुणीतरी. पण ते काम करत असताना आपण उठून कसं जायचं? आपल्या घरी गवंडी भिंत लिंपत असतो तेव्हा आपण जवळ बसतो, पाणी विचारतो. म्हणून मी बसले. चकरी फिरत होती, मी बघत होते. भात करपला. दुपारची बांग झाली. मी चकरीला मनातल्या मनात म्हटलं, एक ओळ तर आहे, एवढं काय जड आहे तिच्यात? शेवटी यू गियेम परत आली आणि म्हणाली, "इंटरनेट सकाळपासून गेलंय. माझ्याच घरून तर येतं, मी इस्त्रीसाठी वायर काढली होती." म्हणजे काम केव्हाच थांबलं होतं आणि चकरी नुसती फिरत होती! ओळही कुठे पोचली नव्हती.

त्या दिवसापासून माझा गोंधळ उडाला आहे, लुकितो, आणि तो लॅपटॉपपुरता राहिलेला नाही. कारण आमचे हे म्हणजे अगदी कोपऱ्यातली चकरी होते. सदतीस वर्षांत यांनी मला कधी हाक मारून थांबवलं नाही, हे करू का ते करू का म्हणून पुढ्यात येऊन उभे राहिले नाहीत. नुसते गुणगुणायचे, आणि मी स्वयंपाकघरातून समजायची की सगळं ठीक चाललंय. चौकट मी होते. जेवलात का, औषध घेतलंत का, नक्की ना, खरंच ना. यांना माझा त्रास होत असेल असं मला नेहमी वाटायचं. फक्त बारीक स्क्रू बसवताना हे गुणगुणणं थांबवायचे, श्वाससुद्धा धरून ठेवायचे. म्हणून त्या सकाळी गुणगुणणं थांबलं तेव्हा मी म्हटलं, बारीक स्क्रू असेल. मिरच्या वाटून झाल्या, भात उतरवला, तरी स्क्रू संपेना.

तर तू विचारलंस त्याचं उत्तर असं, की चौकट उद्धट आहे आणि चकरी खोटारडी आहे. दोन्ही काढून टाक. किंवा दोन्ही ठेव. चकरी असेल तर ती थांबल्यावर थांबलेली दिसू दे, एवढं तरी कर. तुझ्या साहेबांना यातलं काही कळलं नाही तर त्यांना इकडे जेवायला घेऊन ये. पहिल्या आग्रहाला ते काय म्हणतात ते मला बघायचं आहे.

सुनेला जपायला सांग. बाळंतपणाआधी जड उचलू नये.

तुझी बुलिक,
वुर्यानी

ता. क. यू गियेमला मी चकरीवालं आवडलं म्हणून सांगितलंय, कारण चौकटीवर ती फार हसली. खरी विनंती वेगळीच आहे. चौकट काढू नकोस. तिने ‘नाही’ ऐकल्यावर लगेच जाऊ नये, आणखी दोनदा विचारावं, एवढंच करता आलं तर बघ. या घरात आता ‘नक्की का?’ म्हणून मला विचारणारं दुसरं कुणी नाही.

ता. क. चहाचं वर लिहिलंय ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं होतं. ते पुन्हा विचारतील म्हणून दोन कप धुऊनसुद्धा ठेवले होते.

ता. क. पत्र काल पाकिटात घालायचं राहिलं. आज बुधवार. सकाळी अंगण झाडलं, भात चढवला, लॅपटॉप पडवीत नेऊन यांच्या स्टुलावर बसले आणि निळ्यात चार ओळी पुन्हा लिहिल्या. पहिल्यापेक्षा साध्या झाल्या. बंद करायला गेले तशी चौकट आली आणि तिने विचारलं. मी पहिल्याच वेळी हो म्हटलं.