एकोणीसच्या पुराची रेघ

चि. अंकिता हिला सयाजीमामाचे तोंडभरून आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. म्हशीचा पाय बरा झाला, माझा गुडघा अजून नाही. साताऱ्याला तुझं ऑफिस, डबा आणि झोप वेळेवर चालू असेल असं समजतो. (फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं समोरच्याच्या आधी तुझ्या मामीला ऐकू जातं. म्हणून पाकीट.)

कारण असं, की आपल्या ओढ्यावरच्या नव्या पुलाचा नकाशा तुझ्या टेबलावर आलाय, असं तुझी आई सांगत होती. पोरी, फार अभिमान वाटला. पण तो एवढा उंच कशाला? फलकावर लिहिलंय, ‘शंभर वर्षे टिकणारा, महापुराला दाद न देणारा पूल’. शंभर वर्षांनी तक्रार करायला कोण येणार आहे? पूल उंच म्हणून त्याच्यावर चढणारा रस्ता लांब, रस्ता लांब म्हणून भराव मोठा, आणि तो भराव थेट माझ्या कट्ट्यावर! शहाबादी फरशीचा, गेल्याच वर्षी बांधलेला. संध्याकाळी गावातली चार माणसं तिथंच टेकतात. तो गेला तर मला कोण विचारणार? खरंच सांगतो, जिवाला लागलंय. वरच्या अंगाच्या आकारामचा कट्टा मात्र शाबूत आहे, आणि तो त्यावर मुद्दाम मांडी घालून बसतो.

तुमची मोजणीवाली पोरं चांगली होती. (त्यांची काही चूक नाही.) एकोणीसच्या पुरात कृष्णेचं पाणी ओढ्यात तुंबून कुठवर आलं ते दाखवा म्हणाली. आपल्याकडे भिंतीवर पुराची लाल रेघ घरोघरी असतेच. मी माझी दाखवली, तिच्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला, उन्हात त्यांच्या यंत्रावर छत्री धरली, चहा दोनदा पाजला. मग त्यांनी आकारामची रेघ मोजली. त्याचं घर चढावर, माझं उतारावर, तरी दोन्ही रेघा एका पातळीत, बोटभराचा फरक नाही! त्यांचा साहेब म्हणाला, इतका चोख पुरावा अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. आकाराम म्हणाला, “पानी कुनाची भीड ठेवत न्हाई, सायेब.” मीही मान हलवली. त्या रेघांवरून पुलाची उंची ठरली.

तेव्हा शास्त्राला धरून तो थोडा खाली घेता आला तर बघ.

तुझा,
सयाजीमामा

ता. क. – शास्त्राला धरून म्हटलं, कारण ती रेघ खरी नाही. पाणी खिडकीपर्यंतच आलं होतं. पण आपलाच पूर मोठा, असं आकाराम चहाच्या टपरीवर सांगत सुटला, तेव्हा दिवाळीच्या रंगकामात मी माझी रेघ अडीच फूट वर घेतली. त्याला कोणी खोटं पाडू नये म्हणून त्यानं गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणून आपली रेघ माझ्या रेघेशी जुळवली. तर तेवढे अडीच फूट वजा कर. मामीला कळू देऊ नकोस.

आनि एक ता. क. – अंकिता, पाकीट चिकटवाय मामानं माझ्याकडं भात मागितला, तवाच वळखलं. रेघ खोटी हाय हे समद्या गल्लीला ठावं हाय. पर पूल खाली घेऊ नगंस. त्या पुरात नातीच्या, राजनंदिनीच्या वक्ताला सूनबाईला कळा सुरू झाल्या, तवा जुना पूल पान्याखाली. गुळाच्या काहिलीत बसवून पल्याड न्हेली तिला. मामा काहील धरून पवत व्हता, आन लेकरावानी रडत व्हता. ते कट्ट्यावर कुनाला सांगत न्हाई. कट्टा जाऊ दे. जमलं तर पूल आनि हातभर वर घे.